पैठणहून तेर : दहा दिवसांची वाट



आजचा विषय एका साध्या प्रश्नाचा आहे. पैठणहून तेर किती लांब? हा प्रश्न आज कोणी विचारला, तर आपण खिशातील यंत्र काढून उत्तर देऊ. नकाशावर सरळ रेघ ओढली तर अंतर भरते सुमारे १५२ किलोमीटर. पैठणला विमानतळ नाही आणि तेरलाही नाही. पण क्षणभर असे धरा की आहेत, आणि ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान या दोन गावांवरून सरळ गेले. पैठणच्या घाटावरून निघालेले ते विमान अकरा-साडेअकरा मिनिटांत तेरणेच्या काठी येईल. चहा ओतून तो निवायलाही तेवढा वेळ लागतो.

याच प्रश्नाचे दुसरे एक उत्तर सुमारे १९५० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. ते उत्तर आहे 'दहा दिवस'. ते लिहिणारा माणूस मराठी नव्हता, हिंदी नव्हता. तो ग्रीक भाषा लिहिणारा, ईजिप्तमधील एक व्यापारी किंवा नावाडी होता. आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे ते एवढेच, की अकरा मिनिटांपेक्षा या दहा दिवसांनी आपल्याला कितीतरी अधिक सांगितले आहे. किंबहुना, ते दहा दिवस त्याने लिहून ठेवले नसते, तर तेर हे गाव काय होते याचा पत्ता आपल्याला लागता ना.

ज्या पुस्तकात हा उल्लेख आला, त्याचे नाव 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. मराठीत त्याला 'तांबड्या समुद्राची सफर' म्हणता येईल. मात्र त्या काळी या नावात आपला अरबी समुद्र आणि हिंदी महासागरही येत असे. ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावरचा. त्याच्या कर्त्याचे नाव कोणालाच माहीत नाही. ग्रंथ म्हणण्यापेक्षा ती व्यापाऱ्याची टाचणवही आहे. कोणत्या बंदरात काय खपते, काय मिळते, कोणत्या महिन्यात निघावे, कोठे खडक आहेत, कोठल्या राजाला काय नजराणा लागतो, याची ती नोंद आहे. भडोचच्या खाडीतील भरती-ओहोटी कशी भयंकर आहे, पाणी कसे अंगावर धावून येते, हे तो अशा बारकाईने सांगतो की भडोचपर्यंत तो जातीने आला असला पाहिजे, याविषयी शंका राहत नाही.

पण भडोचच्या आत, देशावर, तो आलेला दिसत नाही. आतल्या मुलखाची माहिती त्याने भडोचच्या पेठेत ऐकली. या मुलखाला तो 'दखिनाबदेस' म्हणतो आणि येथील लोकांच्या भाषेत 'दखनोस' म्हणजे दक्षिण, असा खुलासाही करतो. आपल्या दक्षिणापथाचे हे ग्रीक कानाने ऐकलेले रूप! या दक्षिणापथात दोन पेठा विशेष मोठ्या आहेत, असे तो सांगतो. पहिली पैठण : भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर : पैठणपासून पूर्वेकडे सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर, आणि हे शहर फार मोठे आहे. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड भडोचला येतात. तगरहून येते ते कापड : जाडेभरडे पुष्कळ, शिवाय नाना जातींची तलम मलमल, आणि किनाऱ्याकडील मुलखातून तगरला जमा होणारा इतर मालही त्याबरोबर येतो. हे सारे गाड्यांवर लादून, जेथे धड रस्ता नाही अशा मोठमोठ्या टापूंतून भडोचला उतरते.

पैठण कोठे आहे हे शोधण्याची गरज कोणाला पडली नाही. गोदावरीकाठी प्रतिष्ठानची पैठण झाली आणि नाव जिवंत राहिले. घोटाळा झाला तो तगराचा. 'तगर' नावाचे मोठे शहर नकाशावर कोठेच नव्हते. बरे, नाव खोटे म्हणावे तर तेही शक्य नव्हते. ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत मोठ्या अभिमानाने स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. राज्य कोकणात आणि पंचगंगेच्या काठी, पण मूळ सांगावयाचे तगरचे! पेरिप्लसनंतर हजार वर्षांनीही ज्या शहराचे नाव लावण्यात राजांना भूषण वाटत होते, ते शहर गेले कोठे?

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विद्वानांनी त्याचा शोध आरंभला. विल्फर्डला ते देवगिरी, म्हणजे दौलताबाद वाटले. मराठ्यांच्या इतिहासाचा कर्ता ग्रँट डफ याने ते बीडच्या ईशान्येस गोदावरीच्या आसपास असावे असे म्हटले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचविले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखविले. ही सगळी थोर माणसे. त्यांच्या तर्काला काही ना काही आधार होता. पण आधार निरनिराळे, म्हणून गावेही निरनिराळी.

तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. संतमंडळी जमलेली असताना गोरोबांनी मडकी पारखण्याचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणले आणि कोणते मडके भाजले आहे, कोणते कच्चे आहे ते सांगितले, ही कथा आपल्यांपैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. तेच थापटणे आपण या चार गावांना लावून पाहू. आपले थापटणे म्हणजे त्या व्यापाऱ्याचे 'दहा दिवस'.

प्रथम थापटण्याचे वजन ठरवू. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर. त्याला दिवस वीस. म्हणजे दर दिवशी सरळ रेषेतले साडेसतरा किलोमीटर पडले. वाट काही सरळ जात नाही. उतार शोधीत, घाट शोधीत, पाणवठा धरून जाते. म्हणून अंतरात चौथाई भर घातली, तर दिवसाची मजल बावीस किलोमीटरांच्या घरात येते. आपल्या जुन्या भाषेत सात कोस. लादलेल्या बैलगाडीची ही रास्त मजल आहे. पहाटे जुंपावे, उन्हे चढली की सोडावे, उतरत्या उन्हात पुन्हा जुंपावे आणि दिवेलागणीला मुक्काम गाठावा. ज्यांच्या घरी बैल होते त्यांना हा हिशेब समजावून द्यावयास नको.

पायी चालण्याशीही हे ताडून पाहता येते. पैठणहून एकनाथमहाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते, ती अठरा-एकोणीस दिवसांनी पोचते. पैठण-पंढरपूर सरळ अंतर सुमारे २०० किलोमीटर. पालखी भजन करीत, गावोगावी थांबत जाते. तिला घाई नसते. व्यापाऱ्याच्या गाडीला घाई असते. तेव्हा पालखीच्या दीडपट चाल गाडीने ठेवली, यात अशक्य असे काही नाही. वीस दिवसांचा आकडा खरा आहे.

आता गावे पारखू. दौलताबाद पैठणपासून जेमतेम ५४ किलोमीटर, तेही उत्तरेला. तीन-साडेतीन दिवसांची वाट. ते तर भडोचहून येताना पैठणच्या आधीच लागावयाचे! मडके कच्चे. ग्रँट डफची जागा दिशेने बरी, पण चार-पाच दिवसांच्या पलीकडे जात नाही. जुन्नरचे अंतर मात्र नामी जुळते : सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे दहा दिवस. पण ते पैठणच्या पश्चिमेला! पूर्व सांगितली असता पश्चिमेस जाणारा व्यापारी भडोचला परतला नसता. धारूर योग्य अंगाला आहे, आग्नेयेला. परंतु अंतर सुमारे १०५ किलोमीटर, म्हणजे सहा-सात दिवसांतच गाडी तेथे पोचते. भांडारकरांचा नेम इतरांपेक्षा पुष्कळ जवळ लागला होता, हे आपण कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. आणखी तीन-चार मुक्काम ते पुढे गेले असते, तर तेरच्या वेशीतच उभे राहिले असते.

ते मुक्काम पुढे गेला तो फ्लीट. १९०१ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने तगर म्हणजे तेर हे मांडले. अंतर जुळत होते. शिवाय नावही जुळत होते. नावाची गंमत आपल्याला इंग्रजापेक्षा लवकर कळेल. आपल्याकडे संगमनेर आहे, पारनेर आहे, जामनेर, अमळनेर आहे. हे 'नेर' कोठून आले? 'नगर' या शब्दातील मधला 'ग' बोलता बोलता झिजला, 'नयर' झाले आणि 'नयर'चे 'नेर' झाले. मग तगराचे काय होईल? 'तयर' आणि 'तेर'. नगराचे नेर होते, तसे तगराचे तेर होते. राजांचे लेखक ताम्रपटावर संस्कृत 'तगर' कोरीत राहिले आणि रानात गुरे राखणारा 'तेर' म्हणत राहिला. धाराशिवच्या लेण्यांची कथा सांगणाऱ्या 'करकंडचरिउ' या जुन्या अपभ्रंश काव्यात 'तेरापुर' असेच नाव येते. नाव हरवले नव्हतेच. ते फक्त लोकांच्या तोंडी गेले होते, आणि विद्वान ते कागदावर शोधीत होते.

फ्लीटच्या लेखानंतर पुराणवस्तू खात्याच्या हेन्री कझिन्सने तेरची पाहणी केली. तिचा वृत्तांत खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात आला. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ, ज्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे, ते मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे, हे त्याने ओळखले. १९५८ साली चापेकरांनी तेथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन थर मातीतून वर आले. पण त्याच्याही आधीपासून तेरचे एक व्यापारी, रामलिंगप्पा लामतुरे, शेतात, पांढरीत, पावसाने उघड्या पडलेल्या कडेला सापडणाऱ्या वस्तू जपून ठेवीत होते. मणी, मातीच्या पुतळ्या, शंखाच्या बांगड्या, नाणी! त्यांच्या या संग्रहातूनच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्यांचे नाव त्याला आहे. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीची दुसरी एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली सापडली ती कोठे? इटलीतील पाँपेई गावी, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरांत. पाँपेईची मूर्ती तेरहूनच गेली असे म्हणण्याइतका पुरावा नाही. तशा घडणीचे हस्तिदंती काम जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही मिळाले आहे. पण या मुलखातील कारागिराच्या हाताची ओळख त्या दूरच्या शहराला होती, एवढे निश्चित.

आता पुन्हा आपल्या दहा दिवसांकडे येऊ, कारण त्यांच्यात आणखी पुष्कळ काही आहे. पैठणहून तेरला जाणारी सरळ रेघ बीडजवळून आणि कळंबजवळून जाते. त्या रेघेवर गाडी हाकून पाहा. पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर. म्हणजे पहिल्याच दिवशी गोदावरी उतरावयाची. पुढे सिंदफणा. मग बालाघाटाची चढण. मग मांजरा. शेवटी तेरणा. आणि या सगळ्यांच्या मध्ये काळी जमीन. आषाढापासून भाद्रपदापर्यंत त्या जमिनीत गाडी घातली, तर चाक तुंब्यापर्यंत रुतावयाचे. तेव्हा कापडाच्या गाड्या दसऱ्याच्या पुढेच निघत असल्या पाहिजेत, असे अनुमान सहज करता येते. दसरा ते भडोच एक महिना. म्हणजे दिवाळीच्या पलीकडे माल बंदरात. आणि नेमक्या याच दिवसांत वारा फिरतो. ईजिप्तची जहाजे जुलैत निघून नैऋत्येच्या वाऱ्यावर इकडे येत आणि ईशान्येचा वारा सुटला की परत फिरत. शेतकऱ्याची सुगी, गाडीवानाची वाट आणि नावाड्याचा वारा ही तिन्ही एका साखळीत ओवलेली होती. तेरच्या विणकराने मागावर घातलेला ताणा तांबड्या समुद्रातून, वाळवंटातून, नाईल नदीतून अलेक्झांड्रियाला पोचत होता, तो या साखळीने.

त्या व्यापाऱ्याने दिवस बरोबर दिले; दिशा मात्र त्याच्या चुकल्या. भडोचहून पैठण दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे. पैठणहून तेरही आग्नेयेलाच आहे, दक्षिणेकडे अधिक झुकलेले. खरे पाहता भडोच, पैठण आणि तेर ही जवळजवळ एकाच रेघेत आहेत. त्याने त्या एका रेघेची दोन टोके केली : एकीला दक्षिण म्हटले, दुसरीला पूर्व. हे असे का व्हावे? ऐकीव माहितीत दिशा हा भाग कच्चा राहतो. गाडीवानाला विचारा, "तुमचे गाव कोणत्या दिशेला?" तो हाताने कोठेतरी दाखवील. पण "किती मुक्काम?" म्हणून विचारा. तो बोटांवर मोजून सांगेल आणि त्यात चूक होणार नाही. कारण प्रत्येक मुक्कामाला त्याने बैलांना वैरण घातलेली असते, तिचे पैसे मोजलेले असतात. पुढे शंभर वर्षांनी टॉलेमीसारख्या महापंडिताने याच गावांचे अक्षांश-रेखांश दिले. त्याच्या आकड्यांप्रमाणे तगर पैठणच्या ईशान्येस पडते! अंश आणि कला मांडणारा शास्त्रज्ञ चुकला. बैलांचे मुक्काम मोजणारा गाडीवान बरोबर ठरला.

एक गोष्ट अजून उरते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तेरचे कापड भडोचलाच का जावे? समुद्र तर त्याहून जवळ होता. तेरहून कल्याण सरळ रेषेत सुमारे ३३५ किलोमीटर आहे. भडोच ५०० किलोमीटर. आपल्याच मापाने मोजले तर कल्याणला वीस दिवस आणि भडोचला तीस. नाणेघाटासारखा घाट कोरून तयार होता. मग दहा दिवसांचा फेरा कशासाठी?

याचे उत्तर पेरिप्लसच देतो. कल्याण पूर्वी खुली पेठ होती. परंतु पुढे तेथील व्यापार अडविला गेला, आणि एखादे ग्रीक जहाज चुकून त्या बंदरात शिरलेच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत, असे तो सांगतो. भडोचकडचा राजा म्हणून ज्याचे नाव तो देतो, तो नहपान क्षत्रप होय असे अभ्यासक मानतात. क्षत्रप आणि सातवाहन यांचे ते भांडण. त्या भांडणाचे तपशील इतिहासकार मांडतील. मला दिसतो तो तेरचा गाडीवान. राजाराजांत वैर, आणि दहा दिवस जास्त चालावयाचे ते त्याच्या बैलांनी. दोन गावांमधले अंतर नुसते डोंगर आणि नद्या ठरवीत नाहीत. ते माणसेही वाढवितात, आणि माणसेच कमी करतात.

हे जुने झाले असे समजू नका. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश बंद केले आणि ते जुलैपर्यंत बंद होते. त्या महिन्यांत दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा घालावा लागला. विमान तेच, वेग तोच, नकाशावरची रेघही तीच. पण प्रवासाचा वेळ वाढला. आकाशात ना गोदावरी आडवी येत, ना बालाघाट. तेथेही वाट अडविणारा शेवटी माणूसच निघाला.

म्हणून मी म्हणतो, वेळात मोजलेले अंतर हे अधिक बोलके अंतर असते. आपल्या वाडवडिलांनी ते मजलांत मोजले. इंग्रजी अमलात मैलाचे दगड रोवले गेले आणि आपण मैल मोजू लागलो. पुढे किलोमीटर आले. आता पुन्हा आपण वेळावर आलो आहोत, पोरगा फोनवर सांगतो, "आई, साडेतीन तासांत पोचतो." पण त्या आपल्या वेळात एक उणेपण आहे. समजा, आपल्या काळाचे सारे कागद नाहीसे झाले आणि एकच ओळ उरली की पैठणहून तेर अकरा मिनिटे. दोन हजार वर्षांनंतरच्या संशोधकाला तेवढ्यावरून तेर सापडेल काय? सापडणार नाही. कशाने गेला, कोणत्या वाटेने गेला, हे त्या ओळीत नाही. त्या अनामिक व्यापाऱ्याने दिवस सांगितले, दिशा (चुकीची का होईना) सांगितली, गाड्या सांगितल्या, वाट बिकट असल्याचे सांगितले, मालही सांगितला. म्हणून त्याची ओळ जिवंत राहिली आणि तिने एक हरवलेले शहर आपल्याला परत दिले.

आपल्यांपैकी जे कोणी तेरला जातील, त्यांनी गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घ्यावेच. मग थोडी वाकडी वाट करून लामतुऱ्यांच्या संग्रहालयात जावे आणि त्या लहानशा हस्तिदंती बाईपुढे उभे राहावे. आणि घरी कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्याला एवढे विचारून ठेवावे : तुमच्या लहानपणी बाजाराला, जत्रेला, लेकीच्या सासरी जाताना किती मुक्काम पडत, आणि ते कोठे कोठे? उत्तर मिळेल ते वहीत लिहून ठेवावे. तगर सापडले ते अशाच एका वहीत.